एकूण प्रवासी : एक

"एकटेच?"

"हो."

"म्हंजे सोबत कोणीच नाही?"

लॉजच्या काउंटरवरच्या पोरानं माझं आधार कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिलं, मग माझ्या पाठीमागच्या दाराकडे पाहिलं. दारातून श्रावणातलं धुकं तेवढं आत येत होतं. "काका, सिंगल माणसाले रूम नाही देत आमी." काहून, म्हणून विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मागं एक जण आलते. मंग पोलिसाचं झालं." त्याला पुढचं सांगवेना आणि मला विचारवेना. चिखलदऱ्याच्या दऱ्या खोल आहेत.

शेवटी घरी फोन लावून त्याच्या हातात दिला. बायकोचा आवाज मलाही ऐकू येत होता: "द्या बाप्पा खोली. त्याहिले काही होत नाही. फक्त रात्री भात नका देऊ, खोकला येते." खोली मिळाली. रजिस्टरातल्या 'एकूण व्यक्ती' या रकान्यात त्यानं 'एक' लिहिलं आणि माझी सही घेतली.

सही करताना हात अडखळला. बत्तीस वर्षं मी एस.टी.त कंडक्टर होतो. किती चढले, किती उतरले, हे मोजण्यात जन्म गेला. वेबिलातला आकडा आणि गाडीतली डोकी जुळल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय हाडात मुरली आहे. आणि हा 'एक' मला जुळत नव्हता. बायकोच्या हमीशिवाय ज्याला खाट मिळत नाही, तो एकटा कसा?

तीन दिवस याच हिशेबात गेले.

एकट्यानं निघायचं खूळ जुनंच. मुलगा म्हणत होता, कार करून देतो, सगळे पॉइंट एका दिवसात होतात. मी नाही म्हटलं. आमचं घर चांदूर बाजार तालुक्यातलं. रिद्धपूर तिथून लांब नाही, आणि आजी महानुभाव पंथाची. 'एकांक' हा शब्द मी तिच्या तोंडून ऐकला, तेव्हा मला वाटलं होतं की हा पाढ्यातला अंक असेल. लीळाचरित्राच्या पहिल्या भागाचं ते नाव. भरुचहून रामटेकला म्हणून निघालेला हरपाळदेव वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंना भेटतो, मागचं सगळं टाकतो आणि एकटा हिंडत राहतो. पुढे ज्यांना आपण चक्रधरस्वामी म्हणतो, त्यांच्या या एकट्या भटकंतीच्या आठवणी म्हणजे एकांक. मला निवृत्तीनंतर एकदा तसं हिंडून पाहायचं होतं. तीन दिवसांचं एकांक, पेन्शनवाल्याला परवडेल असं.

निघण्याचं आणखी एक कारण होतं. ते पुढे सांगतो.

अमरावतीहून परतवाड्याची गाडी धरली. एकसष्ट पूर्ण झालेली. पासष्टची सवलत अजून लागू नाही, म्हणून पूर्ण तिकीट काढलं. कंडक्टर बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिकीट देऊन पुढे गेली, पुन्हा मागे वळली आणि म्हणाली, "काका, खात्यातले का?" मी चकित. "सुटे आधीच काढून ठेवले. अन् एवढा ब्रेक लागला तरी दांडा नाही धरला." चार किलोमीटरही झाले नव्हते आणि माझा अज्ञातवास मोडला होता.

वलगावला पेढी नदीचा पूल लागतो. या रस्त्यानं जाणारा वऱ्हाडी माणूस इथे मनातल्या मनात हात जोडतो. 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबा याच पुलावर, गाडीतच गेले. सगळी हयात रस्त्यावर काढलेल्या माणसाला मरणही रस्त्यावरच आलं. शेंडगावात जन्मलेला, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेला डेबूजी 1 फेब्रुवारी 1905 ला घर सोडून निघाला आणि 1917 पर्यंत एकटा हिंडला. चरित्रांमध्ये या बारा वर्षांना अज्ञातवासच म्हणतात. हातात खापर, अंगावर चिंध्या. पण भाकर मागण्याआधी कुणाचं अंगण झाड, कुणाची लाकडं फोड, कुणाच्या चिखलात रुतलेल्या गाडीला खांदा दे. काम झालं आणि लोक नाव विचारायला लागले की हा पुढच्या गावाला.

निःसंग म्हणावं तर असं. पण कंडक्टरचं डोकं तिथेही रकाने पाडतं. बाबा निघाले तेव्हा घरी आई होती, बायको होती, लेकरं होती. एक माणूस मोकळा झाला तेव्हा त्याच्या वाटचं ओझं दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर गेलं. मोठ्या माणसांच्या बाबतीत असं बोलू नये म्हणतात. मला वाटतं, बाबांनाच हे सगळ्यांत जास्त ठाऊक असावं. त्याशिवाय जन्मभर प्रत्येक भाकरीआधी खराटा हातात का घेतला असता?

परतवाड्यापासून वर तीसेक किलोमीटर घाट. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे आणि पावसाळ्यात त्याचं बेट होतं: खाली पाण्याच्या जागी ढग, आणि वर जायला दोनच वाटा, एक धामणगाव गढीकडून आणि दुसरी घटांगकडून. या बेटावर एकट्या माणसानं फिरायचं कसं, हा मोठा पेच आहे. पॉइंट विखुरलेले. जीपवाले म्हणतात, "पुरी गाडी करा." सीट सुटी मिळत नाही. इथे एकट्याला जागाच नाही. घ्यायची तर नऊ जणांची जागा घ्या. त्यापेक्षा पाय बरे. देवी पॉइंट, भीमकुंड, गाविलगड हे सगळं चालतच केलं. छत्री, गूळ-शेंगदाणे, आणि रस्त्याच्या कडेला खव्याच्या, रबडीच्या टपऱ्या.

भीमकुंडाच्या काठावर पाऊण तास उभा होतो. आठ-दहा हातांपलीकडे काही दिसत नव्हतं, पाणी पडल्याचा आवाज तेवढा खालून येत होता. इथली कथा सगळ्यांना पाठ आहे. पांडव अज्ञातवासात विराटाकडे राहिले, कीचकानं द्रौपदीवर डोळा ठेवला, भीमानं त्याला मारून दरीत फेकलं आणि या कुंडात अंग धुतलं. कीचकाचा दरा तो कीचकदरा, त्याचं चिखलदरा. माझ्या बुटांचं मत वेगळं होतं. नावात जे आहे तेच त्यांना लागलं होतं. विराटनगरी तर जयपूरजवळही आहे, आणि वाईजवळ वैराटगड आहे. अज्ञातवासाची हीच गंमत. जे लपून राहिले त्यांच्यावर सगळेच हक्क सांगतात.

मला मात्र त्या धुक्यात भीम आठवला नाही, विराटाघरी सैरंध्री म्हणून राहिलेली द्रौपदी आठवली. एका राजवाड्यात पाच नवरे. एक स्वयंपाकी, एक नाच शिकवणारा, एक राजाशी फासे खेळणारा, एक घोड्यांकडे, एक गाईंकडे. आणि भर सभेत कीचकाची लाथ बसली तेव्हा एकालाही 'ही माझी' म्हणून उठता आलं नाही. ओळख पटली असती तर पुन्हा बारा वर्षं वनवास होता. म्हणजे एकटेपणाला रिकामी जागा लागत नाही. भरल्या घरात, आपली माणसं समोर असताना, कुणी आपल्याला आपलं म्हणू शकत नाही तेव्हा माणूस एकटा होतो. आणि परक्या गावात एखादा काउंटरवरचा पोरगा अवघडून विचारतो की सोबत कोण आहे, तेव्हा तो एका अर्थी आपल्याला एकटं पडू देत नसतो. आदल्या रात्रीचा माझा राग तिथे उतरला.

त्या पोराची बाजू पूर्ण बरोबर, असं म्हणायचं नाही मला. एकट्या पुरुषाला असं अडवतात, तर एकट्या बाईला काय काय विचारत असतील? सैरंध्रीला विराटाच्या राणीनं ठेवून घेतलं, पण तिची राखण करणं त्या घराला जमलं नाही. राणीचा भाऊच कीचक होता. पाहुण्याला छप्पर दिलं म्हणजे यजमानाचा धर्म संपला असं होत नाही. छपराखाली त्याला भीती नसावी, हा त्या धर्माचा अवघड भाग.

आता आजीकडे येतो. तिच्या पंथात भिक्षेला कडक शिस्त. घर निवडायचं नाही, जात पाहायची नाही, चांगलंचुंगलं मिळतं म्हणून त्याच दारी पुन्हा जायचं नाही. ओळखीच्या गावापासून लांब, झाडाखाली राहायचं. ती म्हणायची, "ज्या घराची जिभेले सवय लागली ते घर सोडा." लहानपणी मला वाटे, हा लोकांपासून तुटण्याचा मार्ग आहे. आता उलट वाटतं. जो एकाच घरी जेवतो तो त्या घराचा आश्रित होतो. जो कुठल्याही घरी जेवतो, त्याला सगळ्याच गावावर विश्वास टाकावा लागतो. निःसंग म्हणजे कुणावाचून न अडणं नव्हे. अमक्यावाचून अडतं, असा एकच कुणी न ठेवणं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

आणि एकांक तरी खरोखर एकट्याचं आहे का? साळबर्डीच्या डोंगरात तपस्विनी मुक्ताबाई भेटते. पारधी भेटतात, गावकरी भेटतात. शिवाय त्या दिवसांत सोबत कुणीच भक्त नव्हता. पुढे स्वामींनीच भक्तांना आठवणी सांगितल्या आणि तेराव्या शतकात म्हाइंभटांनी त्या जमवून लिहिल्या, म्हणून आपल्यापर्यंत आल्या. सांगायला माणसं भेटली नसती तर एकांक कुणाला कळलंच नसतं.

आता ते दुसरं कारण.

1993 ते 96 मी परतवाड्याहून मेळघाटात जाणाऱ्या एका मुक्कामी गाडीवर होतो. संध्याकाळी निघायचं, अंधार पडता गावात पोचायचं, रात्री गाडीतच किंवा शाळेच्या ओट्यावर झोपायचं, पहाटे परत. गाव कोरकूंचं. 'कोरो' म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. जमातीचं नावच तेवढं. तिथली एक म्हातारी ड्रायव्हरला आणि मला जेवण द्यायची. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, कधी कुटकीचा भात. पहिल्या आठवड्यात मी ताटाखाली पाचाची नोट ठेवली. सकाळी ती नोट घेऊन ती गाडीशी आली आणि काही न बोलता माझ्या ट्रेमध्ये ठेवून गेली.

पुढे एका बाजाराच्या दिवशी ती परतवाड्याला निघाली. मी म्हटलं, आजी, तुझं तिकीट मी भरतो. तिनं कमरेची पिशवी सोडली, पैसे मोजले आणि म्हणाली, "फाड तिकीट." मी भाकरीचा विषय काढला. तिनं मोडक्या मराठीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा: भाकर माझ्या घरची, गाडी सरकारची. त्याच्यात हे मिसळू नको.

मला तेव्हा ते हट्टी वाटलं. त्याच पावसाळ्यात एका रात्री घटांगच्या पुढे एक माणूस गाडीत होता. गावापर्यंतच्या तिकिटाला दोन रुपये कमी. जेवढे पैसे तेवढं तिकीट, असा नियम. अलीकडच्या फाट्यापर्यंत पुरत होते. फाटा आला, मी घंटी मारली, तो उतरला. पाऊस होता, सहा किलोमीटर जंगल होतं, वाघाचा मुलूख. त्यानं वाद घातला नाही. डबल बेल दिली आणि अर्ध्या तासात मी म्हातारीच्या चुलीपुढे बसून गरम भाकर खाल्ली.

सकाळी तो माणूस गावातच भेटला. अंगावरचे कपडे अजून ओले. मला म्हणाला, "राम राम साहेब." बस, एवढंच. नियम माझ्या बाजूनं होता आणि खिशात माझे स्वतःचे चाळीस रुपये होते.

निवृत्तीनंतर वाचनालयात एक गोष्ट वाचनात आली आणि ही रात्र पुन्हा वर आली. देव, ऋषी आणि पितर यांची तीन ऋणं आपण ऐकलेली असतात. शतपथ ब्राह्मणात चौथं ऋण सांगितलं आहे, माणसांचं. आणि माणसांना आसरा आणि अन्न देऊन ते फेडायचं असतं. अमक्यानं दिलं ते अमक्याला परत कर, असं तिथे नाही. 'माणसांना' असं आहे. म्हातारीनं नोट परत केली ती यामुळेच, असं मी म्हणणार नाही. तिनं शतपथ वाचलेलं नव्हतं. पण तिचा हिशेब पक्का होता. तिची भाकर मी तिलाच फेडायची नव्हती. ती फेडायची संधी माझ्याच गाडीत, मागच्या सीटवर बसली होती, आणि मी ती संधी दोन रुपयांसाठी फाट्यावर उतरवली.

तिसऱ्या दिवशी मी त्या फाट्यावर उतरलो. ते सहा किलोमीटर स्वतःच्या पायांनी चालायचे, असं ठरवून आलो होतो. पाऊस होताच. अर्धा किलोमीटर झाला असेल, मागून मोटरसायकल आली, दोन्ही बाजूंना दुधाचे रिकामे कॅन. "कुठी चालले काका?" गावाचं नाव सांगितलं. "बसा." म्हटलं, नको, मी चालतो. त्यानं गाडी बंद केली. "असं कसं? इथून पायी कोणी जाते का? बसा नं." दोनदा नाही म्हटलं. तो तसाच पावसात भिजत उभा. आता माझ्या प्रायश्चित्तापायी त्याला ताप आला असता. बसलो.

प्रायश्चित्तसुद्धा एकट्यानं करू देत नाहीत लोक.

गावात म्हातारी नव्हती; गेल्याला बरीच वर्षं झाली. फाट्यावर उतरवलेला तो माणूस कोण होता ते मला तेव्हाही ठाऊक नव्हतं. तिच्या घरी आता नातसून असते. तिनं चहा दिला, मी कोण हे विचारलं नाही. चहा झाल्यावर खिशात हात गेला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. एवढं मात्र शिकलो होतो.

परतताना जीपमध्ये वैराटचा विषय निघाला. गाविलगडच्या रांगेतलं सगळ्यांत उंच टोक, सुमारे 1,178 मीटर, विराट राजाच्या नावाचं. तिथलं गाव व्याघ्रप्रकल्पासाठी उठवून दुसरीकडे वसवलं आहे. पाहुणे तिकडे सूर्यास्त पाहायला जातात. पांडवांना वर्षभर ज्या यजमानानं सांभाळलं म्हणतात, त्याच्या नावाच्या गावात आज यजमान नाही, पाहुणेच आहेत. वाघ जगावा हे मलाही पटतं. पण डोंगरावरच्या लॉजमध्ये गरम पाण्याची तक्रार करताना, या डोंगरात आपण नेमके कुणाचे पाहुणे आहोत, हे एकदा मनात आणायला हवं. अतिथी म्हणजे ज्याच्या येण्याला तिथी नाही तो. पण त्याला जाण्याची तिथी असते, हे आपण विसरतो.

माझा निकाल असा. एकट्यानं फिरणं म्हणजे माणसांपासून सुटणं नव्हे. घरच्यांच्या सोबतीत आपण कुणाच्या आधारावर चाललो आहोत ते दिसत नाही, कारण तो आधार सवयीचा झालेला असतो. एकट्यानं निघालं की तो एकेक करून दिसायला लागतो: फोनवरची बायको, दांडा न धरल्याचं पाहणारी कंडक्टर पोरगी, पावसात थांबणारा दूधवाला. वैराग्याचा उपयोग असलाच तर तो हा, की घेतलेलं दिसतं. दिसल्यावर फेडायचं की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. गाडगेबाबांनी खराट्यानं फेडलं.

निघताना काउंटरवरच्या पोरानं रजिस्टर पुढे केलं. "पुढच्या टायमाले काकूले घेऊन या." बरं म्हटलं. 'एक' हा आकडा खोडला नाही. त्याच्या वहीत खाडाखोड नको.

तुम्ही चिखलदऱ्याला जाल तर एकदा एकटे जा. भाकरीचे पैसे देऊ नका, तिकिटाचे चुकवू नका. आणि उतरताना गाडीत जरा मागे वळून पाहा. दोन रुपये कमी पडलेला कुणीतरी बसलेला असतो.